काल कोणाशी बोललात, आजी?

आपल्या वस्तीत साठी ओलांडलेल्या बायका किती, असे महिला मंडळाला विचारले तर नावे घेऊन सांगता येतील. त्यातल्या कोण कोण गेल्या आठवड्यात उंबरा ओलांडून बाहेर आल्या, असे विचारले की उत्तराला वेळ लागतो. मग कोणीतरी म्हणते, "अगं, त्या कोपऱ्यातल्या आजी बऱ्याच दिवसांत दिसल्याच नाहीत." दिसल्या नाहीत म्हणजे आजारी असतील, असे आपण धरून चालतो. आधी रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि नंतर वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना मी पाहिले ते असे, की बरेचदा क्रम उलटा असतो. बाई आधी दिसेनाशी होते, मग आजारी पडते.

हे मायेपोटी बोलायचे शब्द नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक नात्यांवर एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे, आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. ३ लाखांहून जास्त माणसांची ती माहिती होती. ज्यांची नाती, मैत्री, उठबस चांगली, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्के जास्त निघाली. बिडी-सिगारेट सोडण्याने जितका फरक पडतो, जवळपास तितका हा फरक. बिडी सोडा म्हणून आपण भिंती रंगवतो. आजीला बाहेर बोलवा, असे कोणी रंगवत नाही.

माणूस फार दिवस एकटे पडले की शरीर धोका असल्यासारखे वागू लागते. ताण वाढवणारी संप्रेरके चढी राहतात, रक्तदाब वाढतो, झोप तुटते, जखम भरायला वेळ लागतो. हे झाले आतले. बाहेरचे तर आपल्या डोळ्यांसमोरच घडते. एकटीसाठी चूल कोण पेटवणार? सकाळी चहा-पाव, दुपारी कालची भाकरी आणि लोणचे, संध्याकाळी भूक नाही. डाळ नाही, अंडे नाही. काही महिन्यांत मांड्या झिजतात, पाय लटपटतो, मोरीत पडते, खुब्याचे हाड मोडते. शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतलेली असते, कारण डॉक्टरने बजावलेले असते. पोटात अन्न नाही आणि गोळी आहे, म्हणून साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, आजी बरळायला लागते आणि घरचे म्हणतात, वयानुसार चालायचेच. अशा वेळी ती शुद्धीवर असेल, तिला गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि थोड्या वेळाने खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालयात न्या. पण मुळात, शेजारीण दुपारी "जेवलीस का गं?" म्हणून डोकावणारी असती तर ही वेळ आली नसती.

आम्ही वस्तीत शिबिर घेतो तेव्हा रक्तदाब, शुगर, वजन हे नेहमीचे असतेच. काही वर्षांपासून मी साठीपुढच्या प्रत्येक बाईला आणखी एक प्रश्न विचारते. हाताला पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारते, "काल घरच्यांशिवाय कोणाशी बोललात, आजी?" एक म्हणाली, "भाजीवाल्याशी. दहा रुपयांची कोथिंबीर घेतली, तेवढंच." एक म्हणाली, "टीव्हीतल्या सुनेला शिव्या घालते की रोज." सगळ्या हसल्या, तीही हसली. तिच्या घरात सात माणसे आहेत. मुलगा रात्रपाळीला, सून चार घरची धुणीभांडी करून येते ती थकून, नातवंडे मोबाईलमध्ये. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे असूनही तिच्याशी दिवसभरात होणारे बोलणे म्हणजे "आई, सरका जरा."

अशा वेळी सुनेला दोष देणे फार सोपे असते. मला ते पटत नाही. ती सून आणखी तीस वर्षांनी त्याच खाटेवर बसणार आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची १० कोटींहून जास्त माणसे होती आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. बाई जास्त जगते, पण नवऱ्यामागे बरीच वर्षे एकटीने काढते. या वयातल्या साधारण निम्म्या बायका विधवा आहेत. आपल्या वस्त्यांमधल्या या बायकांनी आयुष्यभर झाडू मारला, बिगारी केली, कागद-काच-पत्रा वेचला, लोकांच्या घरी भांडी घासली, विड्या वळल्या. त्यांच्या मैत्रिणी कामावरच्या होत्या. काम सुटले तशा मैत्रिणीही सुटल्या. निवृत्तीनंतर बागेत हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल, नाना-नानी पार्क, हे सगळे पेन्शन असलेल्यांचे जग आहे. आपली आजी तिथे गेली तरी बाकाच्या कडेला बसते आणि चौथ्या दिवशी जाणे बंद करते. का, ते वेगळे सांगायला नको.

पूर्वी नळावर भेट व्हायची. आता नळ घरात आले, हे चांगलेच झाले. पाण्यासाठी आपल्या लोकांनी काय सोसले ते महाडपासून सर्वांना ठाऊक आहे, आणि पहाटे चारला हंड्यांच्या रांगेत उभे राहण्याची गोडी गाणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या रांगेत भांडणाबरोबर जी विचारपूस व्हायची, तिच्यासाठी दुसरी जागा आपण केली नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या बायकांचे तेच झाले. झोपडीचे दार गल्लीत उघडायचे, उंबऱ्यावर बसून निवडणे-टिपणे व्हायचे. आता नवव्या मजल्यावर तीनशे चौरस फुटांचे पक्के घर आहे, संडास घरात आहे, दार बंद आहे आणि लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद आहे. एक आजी मला म्हणाली, "घर मिळालं बाई, पण गल्ली गेली."

न सांगितली जाणारी कारणे

बाई बाहेर का येत नाही, याचे खरे कारण ती चारचौघांत सांगत नाही. "गुडघे दुखतात" म्हणते. गुडघे दुखतातच, पण खोलात विचारले तर वेगळेच निघते.

पहिले कारण लघवीचे. खोकले, शिंकले, हसले की थेंब गळतात. लुगड्याला वास येईल या धास्तीने ती लग्नाला जात नाही, वंदनेला येत नाही. काहींचे अंग बाहेर आलेले असते. गर्भपिशवी खाली सरकते, चालताना घासते, बसताना टोचते. लागोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, सततचा खोकला, बद्धकोष्ठ यांतून हे होते. दहा-पंधरा वर्षे हे दुखणे फडक्याने बांधून ठेवलेल्या बायका मी तपासणीच्या टेबलावर पाहिल्या आहेत. नवऱ्याला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. यावर इलाज आहे, आजी. लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळता तेच आवळून पाचपर्यंत मोजायचे आणि सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. (हा व्यायाम लघवी करत असताना करायचा नाही. स्नायू ओळखण्यापुरते ते उदाहरण.) दोन-तीन महिने नेटाने केले तर बऱ्याच जणींचे गळणे कमी होते. अंग जास्त बाहेर येत असेल तर आत बसवायची कडी मिळते आणि शस्त्रक्रियाही होते. सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. वय झाले आता कशाला, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

दुसरे पाण्याचे. सार्वजनिक शौचालय लांब आहे, रात्री तिथे दिवा नाही, पायऱ्या निसरड्या आहेत, म्हणून आजी दुपारनंतर पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या जंतुसंसर्गात कधी कधी ताप येतच नाही, ती एकदम गोंधळल्यासारखी बोलू लागते. घरात "आजीला वेड लागलं" म्हणतात. नगरसेवकाकडे जाताना रस्ता आणि गटार यांच्याबरोबर शौचालयाचा दिवा, धरायला कठडा आणि एक कमोड ही मागणीही न्या.

तिसरे कानाचे. ऐकू कमी येते म्हणून ती दोनदा विचारते, समोरचा वैतागतो. चार वेळा असे झाले की ती विचारणे बंद करते आणि हळूहळू माणसांत बसणेही. बुद्धिभ्रंश, ज्याला आपण विसरभोळेपणा म्हणून सोडून देतो, त्याचा धोका वाढवणाऱ्या ज्या १४ गोष्टी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडल्या, त्यांत ऐकू न येणे, उपचार न केलेली अधू नजर आणि समाजापासून तुटणे या तिन्ही आहेत. आपल्या वस्तीत या तिन्ही एकाच आजीत सापडतात. कधी कधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो कान-नाक-घसा विभागात काढून देतात. घरी काडी, पिन, गरम तेल घालू नका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. आणि बोलताना आजीच्या समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोला. ओरडल्याने शब्द कळत नाही, अपमान तेवढा कळतो.

मन दुखते तेव्हा

आपल्या बायका "मी उदास आहे" असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, अंगात कळ नाही, डोक्यात मुंग्या येतात, छातीत धडधड होते, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. सगळ्या तपासण्या नॉर्मल निघतात आणि डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहून देतात. असे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, तर ते नैराश्य असू शकते. थायरॉईड, रक्तातले कमी हिमोग्लोबिन, बी-१२ कमी असणे यांमुळेही असे होते, म्हणून तपासणी करायचीच, पण तिथे थांबायचे नाही. जिल्हा रुग्णालयात, शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत.

"आता उचललं तर बरं", "मरण का येत नाही मला" हे आपल्याकडे सहज बोलले जाते आणि आपण हसून सोडून देतो. एकदा तरी जवळ बसून सरळ विचारा, "आजी, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कोणीतरी विचारले यानेच बाई बोलती होते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, घरातले औषध-विष नजरेआड करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. घरात मारहाण, उपासमार, घराबाहेर काढण्याची धमकी असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे. २००७ च्या कायद्यानुसार आई-वडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते, त्यासाठी प्रांत कार्यालयात न्यायाधिकरण असते.

औषधाइतकेच बोलण्याने काय होते, ते झिंबाब्वेत पाहायला मिळते. तिथल्या डॉक्टर डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने जीव दिला, कारण रुग्णालयात यायला बसभाड्याचे पैसे नव्हते. त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच. २००६ मध्ये चिबांडांनी राजधानी हरारेच्या म्बारे या गरीब वस्तीत १४ आज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी बसणार, दुखावलेले माणूस येऊन शेजारी बसणार, आजी ऐकून घेणार आणि एक-एक अडचण सुटी करायला मदत करणार. डॉक्टरांनी नाव ठेवले होते मानसिक आरोग्याचा बाक. आज्याच म्हणाल्या, या नावाने कोणी फिरकणार नाही, मैत्रीचा बाक म्हणा. पुढे ५७३ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, ती २०१६ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसून गेलेल्यांत ती सातातल्या एकालाच होती. यातले मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथे आजी ही सेवा घेणारी नव्हती, देणारी होती.

जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातले आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन रोज दुपारी दोन तास बसू लागल्या. सही करायला शिकल्या हे तर झालेच, पण रोज नेसून-सवरून कुठेतरी जायचे आहे, हे त्या वयात केवढे औषध आहे ते सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच साडीत खाटेवर बसलेल्या बाईला विचारा.

आपल्याकडे तर जागा आहे. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, आणि सर्वात आधी येऊन बसतात त्या आज्याच. पांढरी साडी, हातात फुले, शेजारणीला हाक मारत येतात. वाचता न येणाऱ्या लक्ष देऊन ऐकतात आणि गेल्या वर्षी या ठिकाणी काय चर्चा झाली होती तेही सांगतात. त्या तीन महिन्यांत माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला येणाऱ्या आज्या कमी होतात, हे मी दरवर्षी पाहते. मग खीरदान होते, समाप्ती होते आणि विहाराला कुलूप लागते. पुढचे नऊ महिने पौर्णिमा आणि रविवार. किल्ली समितीच्या एका माणसाच्या खिशात, आणि तो कामावर.

विहाराच्या कार्यक्रमात मंचावर पाहुण्यांना खुर्च्या असतात. ज्यांचे गुडघे मोडत नाहीत त्या आज्या खाली सतरंजीवर असतात, किंवा उठता येणार नाही म्हणून येतच नाहीत. जयंतीच्या वर्गणीत डीजेचे पैसे निघतात, तेव्हा दहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दाराशी एक कठडाही निघू शकतो. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि तथागतांनी त्याला स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट विहारात पुष्कळदा सांगितली जाते. त्याच्याकडे इतर भिक्खू का फिरकत नव्हते, हा भाग जरा कमी सांगितला जातो. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता, म्हणून.

या बायका निरुपयोगी नाहीतच. २० जुलै १९४२ ला नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महिला परिषद झाली, तिला सुमारे २५ हजार बायका आल्या होत्या. त्या पिढीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, ते १९८९ मध्ये आले. त्यांनी विचारले नसते तर ते सगळे त्या आज्यांबरोबर गेले असते. आज सत्तरी-पंच्याहत्तरीला असलेल्या बायकांना पँथरचे दिवस, नामांतराचे मोर्चे, वस्ती वसली ते दिवस आठवतात. आपल्या मुलींनी मोबाईल घेऊन शेजारच्या आजीजवळ आठवड्यातून एक तास बसावे आणि तिचे बोलणे भरून घ्यावे. मुलीला इतिहास मिळेल, आजीला रात्री झोप लागेल.

बाहेरगावी जाणेही बंद करू नका. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट आहे. वय दाखवायला आधार कार्ड जवळ ठेवा. बहिणीला भेटायला जा, दीक्षाभूमीला जा. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये पासष्टीपुढच्या गरीब बाईला मिळतात. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्या आहेत, ठसा उमटत नाही, म्हणून बँकेतून परत पाठवले तर एकटीने हेलपाटे घालू नका. चौघी मिळून जा. वाटेत चहा प्या.

महिला मंडळाने सुरुवात यादीपासून करावी. साठीपुढच्या प्रत्येक बाईसमोर एका जवळच्या घराचे नाव लिहा. त्या घरातल्या कोणीतरी रोज एकदा तिच्या दाराशी जाऊन हाक मारायची. दोन मिनिटे पुरतात. दुपारी तीन ते पाच विहार उघडा ठेवा. भाजी निवडायला आणा, गोधडीचे टाके घाला, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा म्हणजे मांड्यांना जोर येतो. पुरुषांनीही यावे, पण चहा करायचे काम त्यांनी घ्यावे. महिन्यातून एकदा आशाताईंना तिथेच बोलावून रक्तदाब मोजून घ्या. किल्ली दोन बायकांकडे असावी, आणि त्यातली एक साठीपुढची असावी.